कोॲक्स की लॅडर लाइन: फीडलाइन निवडताना

फीडलाइन, म्हणजे रेडिओ आणि अँटेना जोडणारी केबल, निवडताना बहुतेक हॅम मंडळींचे (हौशी रेडिओवाल्यांचे) लक्ष एसडब्ल्यूआरच्या, म्हणजे लाइन आणि अँटेना किती जुळले आहेत ते दाखवणाऱ्या आकड्यावर असते (१ म्हणजे पूर्ण जुळणी). पण आधी पाहायला हवा तो लाइनमध्येच होणारा ऱ्हास. १४४ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ ही बारीक कोॲक्स (मधल्या तारेभोवती जाळीचे वेष्टण असलेली केबल) वापरली, तर अँटेना व्यवस्थित जुळलेला असूनही सुमारे ६ डेसिबल वाटेतच जातात, म्हणजे ५० वॅटपैकी जेमतेम १२-१३ वॅट वर पोहोचतात. गंमत अशी, की याच केबलचे वरचे टोक मोकळे सोडले तरी खालच्या मीटरवर एसडब्ल्यूआर १.७ च्या आसपासच दिसतो, कारण परावर्तित शक्तीही परतीच्या वाटेवर तितकीच झिजते. पाणी शिरलेली जुनी केबल मीटरवर झकास दिसते, ती याचमुळे.

तेवढ्याच लांबीच्या आरजी-२१३ या कोॲक्समध्ये हा ऱ्हास ३ डेसिबलच्या थोडा आतच राहतो. ती जाड व जड असते आणि फार आवळून वळवता येत नाही, तरी व्हीएचएफसाठी (१४४ मेगाहर्ट्झसारख्या उंच बँडसाठी) या दोघींत मी तीच निवडेन. ७ मेगाहर्ट्झवर, अंतर कमी आणि अँटेनाचा इम्पीडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विद्युत अवरोध) कोॲक्सच्या ५० ओहमच्या जवळ असेल, तर आरजी-५८ पुरते.

एकच डायपोल (मधोमध लाइन जोडलेला दोन भुजांचा तारेचा अँटेना) अनेक बँडवर चालवायचा असेल, तर मात्र हिशेब पालटतो. बँड बदलला की अँटेनाचा इम्पीडन्स बदलतो आणि लाइनवरचा एसडब्ल्यूआर सहज १० वर जातो. जुळलेल्या स्थितीत १ डेसिबल ऱ्हास असणाऱ्या कोॲक्समध्ये अशा वेळी एकूण ऱ्हास सुमारे ३.४ डेसिबल होतो. ४५० ओहमच्या लॅडर लाइनचा (दोन समांतर तारांच्या लाइनचा) मूळ ऱ्हास ०.१ डेसिबल धरला, तर तितक्याच एसडब्ल्यूआरला तो अर्ध्या डेसिबलच्या आसपास थांबतो. रेडिओशेजारच्या ट्यूनरने (इम्पीडन्स जुळवून देणाऱ्या उपकरणाने) हे चित्र बदलत नाही: रेडिओला ५० ओहम दिसतात, पण ट्यूनरपुढच्या लाइनवरचा एसडब्ल्यूआर होता तसाच राहतो.

लॅडर लाइनची पथ्ये मात्र पाळावी लागतात. ती धातूपासून दूर ठेवावी लागते, मास्टला चिकटवून नेता येत नाही, ओली झाली की तिचा ऱ्हास आणि इम्पीडन्स दोन्ही बदलतात, शिवाय बॅलन्स्ड (दोन्ही तारा समान धरणारा) ट्यूनर किंवा अशी लाइन कोॲक्सशी जोडणारा चांगला बॅलन लागतो. लोखंडी खांबावरूनच लाइन उतरवावी लागत असेल, तर ट्यूनर अँटेनाच्या फीडपॉइंटपाशी (लाइन जोडण्याच्या जागी) बसवून तिथून खाली कोॲक्स आणणे श्रेयस्कर. मात्र ट्यूनर पावसापासून जपावा लागेल आणि त्याला वीजपुरवठा वरपर्यंत न्यावा लागेल.