उत्पत्तीचे सहा दिवस: पोकळी की युगे?

पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे आणि बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातले सृष्टिनिर्मितीचे दिवस सहा, या दोहोंचा मेळ घालण्याचे दोन मार्ग एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये गाजले. धर्मोपदेशक थॉमस चाल्मर्स यांनी 1814 च्या सुमारास त्या अध्यायाच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मध्ये अमर्याद काळाची पोकळी मानली. त्यामुळे दिवस चोवीस तासांचेच राहिले आणि सगळे जीवाश्म त्या पोकळीत गेले. सोय मोठी, पण खडक साथ देत नाहीत. भूवैज्ञानिक ह्यू मिलर आधी याच मताचे होते. मात्र आजही जिवंत असलेल्या शिंपल्यांच्या जाती मानवपूर्व थरांतही सापडतात, म्हणजे पोकळीच्या मतात गृहीत धरलेली, जुनी सृष्टी आणि सहा दिवसांची सृष्टी यांच्यातली सर्वनाशाची रेघ नाही, हे पाहून त्यांनी दिवस म्हणजेच युग असे मानले. ‘दिवस’ या अर्थाच्या हिब्रू ‘योम’ शब्दाला तेवढी मुभा आहे, दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात तोच शब्द सबंध निर्मितीकाळासाठी येतो.

तरीही क्रम अडतोच: फळझाडे तिसऱ्या दिवशी आणि जलचर पाचव्या, तर थरांमध्ये समुद्री प्राणी फळझाडांच्या कोट्यवधी वर्षे आधीचे. शिवाय प्रत्येक दिवसाअखेर येणाऱ्या संध्याकाळ-सकाळीचे काय, हा प्रश्न उरतो. माझ्या मते पोकळीपेक्षा युगांचा मार्ग प्रामाणिक, कारण तो निदान पुराव्यासमोर उभा राहतो.