प्लास्टिकमुक्त डिओ: तुरटी, डबीतलं क्रीम की कागदी नळीतली कांडी?

डिओ सोडून काहीतरी नैसर्गिक वापरायचंय असं अनेकजण म्हणतात, पण प्रत्येकाला टाळायचं असतं ते वेगळंच. कोणाला बाथरूममधलं प्लास्टिक कमी करायचंय, कोणाला ॲल्युमिनियमची धास्ती वाटते, कोणाचं त्या फवाऱ्याच्या उग्र वासाने डोकं उठतं. दुकानात मात्र या सगळ्यांना ‘नॅचरल’ लिहिलेली एकच वस्तू पुढे केली जाते. प्रत्यक्षात ती ‘नॅचरल’ कांडी बऱ्याचदा जाड प्लास्टिकच्या नळीत असते, आणि जिला प्लास्टिकचा स्पर्शही झालेला नसतो त्या तुरटीत ॲल्युमिनियम असतं. म्हणून आपल्याला नेमकं काय नकोय ते आधी ठरवून घ्या.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. बहुतेकांनी आधी तुरटी वापरून बघावी आणि ती पुरली नाही तरच डबीतल्या क्रीमवर पैसे घालावेत. लोक नेमकं याच्या उलट करतात. महागडं क्रीम मागवतात, ते सोसत नाही, आणि ‘नैसर्गिक वगैरे काही चालत नाही’ म्हणून पुन्हा जुन्या डब्याकडे वळतात.

घाम आणि वास

काखेतला घाम बाहेर येतो तेव्हा त्याला जवळजवळ वास नसतो. तिथे राहणारे जिवाणू त्यातले पदार्थ फोडतात आणि मग वास सुटतो. इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली स्टॅफिलोकॉकस होमिनिस या जिवाणूतलं असा वास तयार करणारं एन्झाइम नेमकं दाखवून दिलं.

या वासावर दोन मार्गांनी उपाय होतो. अँटिपर्स्पिरंटमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नलिकांच्या तोंडाशी जेलसारखं बूच तयार करतात, त्यामुळे घामच कमी येतो. डिओडरंट घामाला हात लावत नाही, ते जिवाणूंना आवरतं किंवा वास झाकतं. आपल्याकडे दोन्हींना सरसकट डिओ म्हणतात आणि इथेच अपेक्षांचा घोळ होतो. खाली जे पर्याय सांगतेय त्यातला एकही घाम थांबवत नाही. फिकट निळ्या शर्टाच्या काखेत ओला डाग दिसूच नये ही तुमची मुख्य गरज असेल, तर अँटिपर्स्पिरंटला पर्याय नाही. तेच काचेच्या बाटलीत मिळतं का बघा आणि मोकळ्या मनाने वापरा.

ॲल्युमिनियमच्या भीतीबद्दलही बोलायला हवं, कारण व्हॉट्सॲपवर ती दर वर्षी नव्याने फिरते. अँटिपर्स्पिरंटमुळे स्तनांचा कर्करोग होतो असं आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेलं नाही. अमेरिकन कॅन्सर सोसायटीही हेच सांगते. युरोपीय आयोगाच्या वैज्ञानिक समितीने २०२० मध्ये ठरावीक प्रमाणापर्यंत हे क्षार सुरक्षित मानले आहेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारावं, अशी सूचना अमेरिकेत अँटिपर्स्पिरंटच्या वेष्टणावर छापावीच लागते. मॅमोग्राफीच्या (स्तनांच्या एक्स-रे तपासणीच्या) दिवशीही काखेत काही लावू नका, कारण ॲल्युमिनियमचे कण चित्रात पांढऱ्या ठिपक्यांसारखे दिसतात आणि डॉक्टर उगाच बुचकळ्यात पडतात. डिओ बदलायला इतर चांगली कारणं आहेत, त्यासाठी कर्करोगाची भीती बाळगायची गरज नाही.

तुरटी

न्हावी दाढीनंतर गालावर फिरवतो तोच हा खडा. किराणा दुकानात किंवा काष्ठौषधींच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळतो, कागदाच्या पुडीत बांधून. घेताना काचेसारखा पारदर्शक, गुळगुळीत खडा बघून घ्या. पाणी निवळायला वापरतात ती मळकट, भुसभुशीत ढेकळं काखेसाठी घेऊ नका.

वापरायची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात चूक झाली की तुरटी ‘चालत नाही’. अंघोळ झाल्यावर काख ओली असतानाच खडा पाण्यात बुडवून पाच-सहा वेळा हलक्या हाताने फिरवा. त्वचेवर किंचित ताण बसल्यासारखं वाटतं. मग दोन मिनिटं वाळू द्या आणि नंतरच कपडे चढवा. आधीच घाम आलेल्या काखेवर तुरटी फिरवून उपयोग होत नाही, कारण जिवाणूंचं काम तोवर सुरू झालेलं असतं. खडा वापरून झाला की पुसून कोरड्या बशीत ठेवा. ओल्या कोनाड्यात राहिला तर विरघळत जातो, आणि गरम पाण्यात तर फारच लवकर. फरशीवर पडला की टवके उडतात आणि कडा पात्यासारख्या धारदार होतात. अशी कड आधी सहाणेवर किंवा खडबडीत दगडावर घासून बोथट करायची, मगच अंगाला लावायची. एवढं सांभाळलं तर एक खडा कित्येक महिने पुरतो.

तुरटीला स्वतःचा वास नाही, ही मला तिची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. अत्तर लावायचं असेल तर ते वेगळं लावता येतं. कपड्यांवर पांढरे पट्टे पडत नाहीत. उणी बाजू अशी की फार घाम येणाऱ्यांना दुपारनंतर ती अपुरी पडते, आणि ताज्या वस्तऱ्याच्या जखमेवर सणसणून झोंबते.

एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियम यांचं सल्फेट. ‘क्रिस्टल डिओडरंट’ म्हणून तोच खडा घासूनपुसून प्लास्टिकच्या दांड्यात बसवतात, त्यावर ‘ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट नाही’ (म्हणजे अँटिपर्स्पिरंटमधला नेहमीचा क्षार नाही) असं छापतात आणि कितीतरी पट भावाने विकतात. छापलेलं खरं असतं, पण त्यावरून आत ॲल्युमिनियमच नाही असा समज होतो, तो खोटा. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी वर सांगितलेली काळजी तुरटीलाही लागू आहे. ॲल्युमिनियम अजिबात नको असेल तर तुरटी तुमच्यासाठी नाही, थेट पुढच्या पर्यायाकडे या.

डबीतलं क्रीम

पत्र्याच्या चपट्या डबीत किंवा काचेच्या बरणीत येणारं हे क्रीम साधारण तीनशे ते सहाशे रुपयांना मिळतं. खोबरेल तेल किंवा शिया बटर, मेण, आरारूट किंवा कॉर्नफ्लोअर, सुगंधी तेलं, आणि प्रत्यक्ष वास आवरणारा एक घटक, असा त्याचा मसाला असतो. तो शेवटचा घटक कोणता, यावर सगळं ठरतं.

बहुतेक स्वस्त क्रीममध्ये तो बेकिंग सोडा असतो. वासावर तो खरोखर चांगला चालतो, तुरटीपेक्षा जास्त वेळ टिकतो. पण आपल्या त्वचेचा पीएच साधारण ४.५ ते ५.५, म्हणजे आम्लाकडे झुकलेला, आणि सोड्याच्या पाण्याचा ८ च्या वर, म्हणजे अल्कलीकडे. रोज दोनदा हा फरक सोसणं प्रत्येक त्वचेला जमत नाही. सुरुवातीचे काही दिवस सगळं छान वाटतं, मग लाली येते, खाज सुटते. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर अशी जळजळ निघून गेली तरी मागे काळपट डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. काखा काळ्या पडतात म्हणून डिओ सोडणाऱ्यांनी नेमकं सोड्याचं क्रीम घ्यावं, याचं मला फार वाईट वाटतं. वेष्टणावर सोडियम बायकार्बोनेट लिहिलंय का ते बघा, आणि यादीत ते पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर नाजूक त्वचेच्या माणसाने डबी परत ठेवावी.

त्याऐवजी मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड किंवा झिंक रिसिनोलिएट असलेलं क्रीम शोधा. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड म्हणजे पित्तावर घेतात ते मिल्क ऑफ मॅग्नेशिया. तेही अल्कलीच, पण पाण्यात फार कमी विरघळतं, त्यामुळे सोड्याइतकं बोचत नाही. झिंक रिसिनोलिएट एरंडेलाच्या आम्लापासून बनवतात. ते जिवाणूंना मारण्यापेक्षा वासाचे रेणू धरून ठेवतं. या दोन्हींची क्रीम थोडी महाग पडतात, पण बाजारातलं कोणतं क्रीम घेऊ असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगते.

लावायचं अगदी हरभऱ्याच्या डाळीएवढं. दोन बोटांत चोळून त्यातली कणी जाऊ द्या आणि मग कोरड्या काखेत जिरवा. जास्त घेतलं की कपड्याला तेलकट डाग पडतो, आणि सिल्कच्या ब्लाउजवरचा असा डाग सहजी निघत नाही. सुगंधी तेलांबद्दलही सावध राहा: टी ट्री, लॅव्हेंडर, लिंबूवर्गीय तेलं नैसर्गिक असली तरी त्यांची ॲलर्जी असणारी माणसं बरीच असतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून बघा. बिनवासाचं क्रीम मिळालं तर उत्तमच.

कागदी नळीतली कांडी

आत असतं ते डबीतलं क्रीमच, फक्त मेण जास्त घालून घट्ट केलेलं. बोट बुडवायला नको म्हणून अनेकांना हीच आवडते. नळी जाड पुठ्ठ्याची, खालून अंगठ्याने वर ढकलायची. कल्पना चांगली आहे, पण कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने ती बाथरूममध्ये ठेवू नका. पुठ्ठा दमट होतो, फुगतो आणि वर सरकेनासा होतो. कपाटात ठेवली तर ठीक. तेल झिरपू नये म्हणून पुठ्ठ्याला आतून कसलं अस्तर लावलंय हेही विक्रेत्याला विचारा. ते प्लास्टिकचं असेल तर रद्दीवालाही ती नळी घेत नाही.

काचेच्या रोल-ऑनची बाटली काचेची असली तरी वरचा गोळा आणि झाकण बहुधा प्लास्टिकचंच असतं. पुन्हा भरून मिळण्याची सोय असेल तरच त्याला अर्थ आहे. ‘नो गॅस’ फवारे म्हणजे मुख्यतः अल्कोहोल आणि अत्तर, आणि गॅसवाल्या डब्यात ब्युटेन-प्रोपेन, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसचेच भाऊबंद. डबा धातूचा असला तरी झडप, आतली नळी आणि टोपण प्लास्टिकचं.

घरगुती उपायांपैकी लिंबू चोळणं मी साफ नाकारते. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊन डाग पडू शकतात, आणि बिनबाह्यांच्या कपड्यांत काखेच्या आसपास ऊन लागतंच. नुसतं कॉर्नफ्लोअर ओल्या काखेत गोळे धरतं. वाळा, चंदन लावल्याने छान वाटतं, पण सकाळचा सुगंध दुपारपर्यंत राहत नाही.

तुमच्या गावची हवा

परदेशी आढावे वाचून खरेदी करणारे इथे फसतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांना वितळतं. मुंबईत थंडीतल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर ते घट्ट राहतच नाही, त्यामुळे खोबरेलावर उभं असलेलं क्रीम डबीत पातळ होतं आणि दाणेदार घटक तळाशी बसतात. मेण ६२-६४ अंशांना वितळतं, म्हणून घटकांच्या यादीत मेण वरच्या बाजूला असलेलं घ्या. विदर्भात मे महिन्यात बंद गाडीत कोणतीच कांडी ठेवू नका. कोरड्या उष्ण हवेत घाम उडून जातो, त्यामुळे नागपूर-अकोल्याकडे तुरटी दिवसभर पुरू शकते. डोंबिवलीहून गर्दीच्या लोकलने जाणाऱ्याला तीच दुपारी पुन्हा लावावी लागेल. ऑफिसच्या खणात छोटा खडा आणि सुती रुमाल ठेवा. काख ओल्या रुमालाने पुसायची, मग खडा फिरवायचा.

कपड्यांचाही यात मोठा वाटा आहे. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठात २०१४ साली व्यायामानंतरच्या टी-शर्टांची तुलना केली, तेव्हा सुती कपड्यांपेक्षा पॉलिस्टरच्या कपड्यांना जास्त वाईट वास येत होता. पॉलिस्टरचा गणवेश घालावा लागणाऱ्यांनी नव्या डिओला दोष देण्याआधी कपड्याची काख हुंगून बघावी. धुतल्यावरही वास असेल तर ती बाजू धुण्याआधी बेकिंग सोड्याच्या पाण्यात तासभर भिजवा. सोड्याची खरी जागा तिथे आहे.

बदलताना काय होतं

अँटिपर्स्पिरंट बंद केलं की नलिकांतली बुचं काही दिवसांत निघून जातात आणि घाम पूर्ववत येऊ लागतो. अनेकांना तो ‘वाढलेला’ वाटतो. ‘शरीरातलं विष बाहेर पडतंय’ असं विकणारे सांगतात त्यात तथ्य नाही. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. मात्र जिवाणूंची वस्ती बदलते हे खरं आहे. २०१६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका छोट्या अभ्यासात अँटिपर्स्पिरंट बंद केलेल्यांच्या काखेतले जिवाणू काही दिवसांत इतरांपेक्षाही वाढलेले दिसले. म्हणून परीक्षा, लग्नघर किंवा नव्या नोकरीचा पहिला आठवडा या काळात बदल करू नका. दिवाळीनंतर थंडी पडली की सुरू करा. काखेतले केस बारीक कापले आणि संध्याकाळी घरी आल्यावर साबणाने काख धुतली तर कोणताही पर्याय जास्त चांगला चालतो. घरात शांत बसूनही घाम टपकत असेल, किंवा अंगाचा वास अचानक बदलला असेल, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.

हातात आहे तो डबा संपवूनच नवीन घ्या. अर्धा भरलेला फेकून दिला तर प्लास्टिक वाचत नाही, उलट कचरा लवकर होतो. संपलेला गॅसचा डबा भोसकू नका, शेकोटीत टाकू नका. टोपण काढून रिकामा डबा सुक्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याला द्या. क्रीमची पत्र्याची डबी मात्र धुऊन ठेवा, प्रवासात तुरटीचा खडा न्यायला ती बरोबर मापाची होते.