रशेस मागणाऱ्या निर्मात्यापासून जपा

डॉक्युमेंटरीवाल्याकडे लुबाडण्यासारखं असतं तरी काय, असं लोक हसत विचारतात. रशेस असतात, म्हणजे शूट केलेलं न कापलेलं कच्चं फुटेज. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या एका टोळीबरोबर मी हंगामामागून हंगाम शूट करतोय, लग्नाच्या व्हिडिओंचे पैसे त्यात घालून. दिवाळीच्या आसपास ही माणसं ट्रकमध्ये संसार भरून सांगली-कोल्हापूरकडे निघतात, कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. मधल्या महिन्यांत फडात, खोपीत, ट्रॉलीवर जे टिपलं ती माझी फिल्म. दुसऱ्या एकासाठी तो आयता माल निघाला.

गृहस्थ पुण्यात एका स्क्रीनिंगला भेटले. नाव लिहीत नाही, प्रकरण वकिलाकडे आहे. स्वतःला क्रिएटिव्ह प्रोड्यूसर म्हणवतात, मोबाईलमध्ये मंत्र्यांबरोबरचे फोटो, आणि चहाचे पैसे नेहमी तेच देणार. माझा ट्रेलर बघून म्हणाले, "सर, या विषयाला सीएसआरमधून पंचवीस लाख मी उभे करतो. तुम्ही फक्त कलाकाराच्या भूमिकेत राहा."

सीएसआर या शब्दाने आपल्यातले बरेच जण विरघळतात, म्हणून आधी तेवढं सांगतो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात, हे खरं. पण हा पैसा कोणा एजंटाच्या प्रोप्रायटरी फर्मच्या खात्यात सहज येऊन पडत नाही. कंपनी बाहेरच्या संस्थेकडून काम करून घेणार असेल, तर त्या संस्थेकडे सीएसआर-१ या फॉर्मची सरकारी नोंदणी लागते; १ एप्रिल २०२१ पासून हा नियम आहे. पंचवीस लाखांची भाषा करणाऱ्याला एवढंच विचारायचं, की संस्था कोणती आणि तिचा नोंदणी क्रमांक काय. मी विचारलं तेव्हा "ते आमचे सीए बघतात" असं उत्तर मिळालं. खरं काम करणारी संस्था हा क्रमांक विचारताच सांगते.

मग आली फी. "कॉपीराइट आणि सेन्सॉरच्या प्रोसेसिंगचे" पस्तीस हजार, यूपीआयने. चित्रपटाच्या कॉपीराइट नोंदणीचं सरकारी शुल्क पाच हजार रुपये आहे आणि अर्ज आपला आपल्याला ऑनलाइन करता येतो. शिवाय फिल्म पुरी व्हायच्या आधी सेन्सॉर बोर्डाला दाखवणार काय?

पस्तीस हजार मात्र किरकोळ होते. खरा डाव हार्ड डिस्कचा होता. "क्लायंटला तुमच्या कामाचा आवाका दाखवायचाय, सगळे रशेस द्या, आठवड्यात परत." डिस्क द्यायच्या आदल्या रात्री करार आला, इंग्रजीत, स्टॅम्पपेपरवर. सकाळी बोर्ड मीटिंग, सही आत्ताच हवी. ही घाई योगायोगाची नव्हती हे पुढे कळलं. विदर्भातल्या एका मुलीलाही याच गृहस्थांनी रात्री दहाला करार आणि सकाळी दहाला मीटिंग सांगितली होती. तिने वडिलांना वाचायला दिला, ते तहसील कचेरीत कारकून. त्यांनी सही करू दिली नाही.

करारात पहिल्याच पानावर त्यांचं नाव 'निर्माता' म्हणून होतं आणि माझं 'दिग्दर्शक' म्हणून. वाचताना अगदी रीतसर वाटतं. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाला तिथे जागाच नाही. निर्माता कोण, तर ज्याने चित्रपट करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. आपल्या पैशाने, आपल्या कॅमेऱ्याने, एकट्याने फिल्म करणारा माणूस कायद्याने आधीच निर्माता असतो. करारात तो स्वतःला नुसता दिग्दर्शक लिहू देतो तेव्हा वाद घालायला समोरच्याच्या हातात कागद देतो. पुढच्या पानावर सर्व हक्क, सर्व माध्यमं, सर्व प्रदेश, कायमचे. हक्क लिहून देताना मुदत लिहिलेली नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. या मसुद्यात दोन्ही काळजीपूर्वक भरलेले होते. लिहिणाऱ्याला कायदा आपल्यापेक्षा बरा ठाऊक होता.

मी मात्र सही केली, डिस्कही दिली. त्यानंतर त्यांचं फोन उचलणं हळूहळू बंद झालं. मग एक दिवस टोळीतल्या एका मावशींच्या मुलाचा फोन आला. "दादा, आईला हे कशात दाखवलं तुम्ही?" त्याने पाठवलेल्या लिंकवर साखर व्यवसायाची जाहिरातवजा फिल्म होती, बासरीचं संगीत आणि निर्मिती-दिग्दर्शन त्या गृहस्थांचं. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढवायचं ठरलं, त्याबद्दल मी मावशींशी बोललो होतो. त्यांचं वाक्य असं होतं: "औंदा भाव वाढला, खरंय, पण उचल फिटली न्हाई. पुढच्या साली बी यावंच लागंल." उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. फिल्ममध्ये 'खरंय'वर कट मारलेला. त्यावर जोडलेलं त्यांचं हसू वेगळ्याच दिवसाचं; माझ्या लेन्सची टोपी शेळीने तोंडात धरून पळवली तेव्हाचं. कट इतका सफाईदार की मला स्वतःला शॉट दोनदा बघावा लागला. हे करणारा एडिटर कोण होता कोणास ठाऊक, हात मात्र चांगला होता त्याचा.

टोळीला कामावर आणणाऱ्या मुकादमाला सगळं सांगितलं. तो हसलाच. "आमच्या लोकांना उचल देताना मी वहीत आकडा तरी लिहितो. तुम्हाला त्यानं काय दिलं?" काहीच दिलं नव्हतं. उलट घेतलं होतं.

वकिलांकडे गेलो तेव्हा माझ्या करारातून फारसं काही निघेना. उपयोगी पडली ती मावशींची संमतीपत्रं. मी प्रत्येकाकडून मराठीत लिहून घेतो आणि तेच कॅमेऱ्यासमोर वाचून त्यांच्या तोंडून होकार रेकॉर्ड करतो: हे चित्रण याच फिल्मसाठी, जाहिरातीसाठी नाही, दुसऱ्या कोणाला देणार नाही. त्या आधारावर मावशींच्या नावाने नोटीस गेली, गृहस्थांना आणि ज्यांच्यासाठी फिल्म बनली त्यांनाही. जाहिरात करणाऱ्याला कोर्टकचेरी नकोच असते, व्हिडिओ उतरला. तुम्ही इंटरनेटवरचा इंग्रजी रिलीज फॉर्म छापून अंगठा घेत असाल तर बंद करा. 'कोणत्याही उपयोगासाठी' असं त्यात असतं, आणि ते चोराच्याही सोयीचं असतं.

मधल्या काळात त्या गृहस्थांनी माझ्याच ट्रेलरवर यूट्यूबला कॉपीराइट स्ट्राइक टाकला, म्हणजे हे फुटेज आपलं असल्याचा दावा केला, आणि ट्रेलर उतरला. अशा वेळी घाबरून गप्प बसू नका. तुमची बाजू खरी असेल तर काउंटर नोटिफिकेशन, म्हणजे उलट हरकत, देता येतं. मग कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला समोरच्याला अमेरिकन कामकाजाचे दहा दिवस मिळतात. त्यांनी तो दिला नाही, ट्रेलर परत आला. या भांडणात कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ फाइल्स, त्यांचा मेटाडेटा (फाइलमधली तारीख-वेळेची नोंद) आणि शूटची डायरी कामाला येते. मूळ फाइल्सच्या दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवा. माझी एक बहिणीच्या कपाटात असते.

निर्माते शोधूच नयेत असं नाही. गोव्यातला फिल्म बाजार (आता 'वेव्हज फिल्म बाजार') आहे, कोलकात्याचं डॉकएज आहे. अशा ठिकाणी ट्रेलर, ट्रीटमेंट (फिल्म कशी करणार याचं टिपण) आणि अंदाजपत्रक मागतात. सगळे रशेस द्या असं कोणी म्हणत नाही. दाखवायचंच झालं तर कमी रिझोल्यूशनची प्रत (प्रॉक्सी) द्या, फ्रेमच्या मधोमध टाइमकोड आणि समोरच्याचं नाव पुसता न येईल असं उमटवून. 'कल्पना चोरतील' ही भीती मात्र फार बाळगू नका. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात सांगितलंय, आणि ऊसतोडीवर फिल्म कोणीही करू शकतो. निर्मात्यांपुढच्या मांडणीसाठी, म्हणजे पिचसाठी, एकच पूर्ण प्रसंग कापा, सुरुवात, मध्य, शेवट असलेला. दहा ठिकाणचे सुंदर शॉट जोडलेला ट्रेलर स्टॉक फुटेजच्या (विकायला ठेवलेल्या तयार शॉट्सच्या) कॅटलॉगसारखा दिसतो आणि नेमक्या त्याच गिऱ्हाइकांना बोलावतो. मी मावशींचा हिशोबाचा प्रसंग आता सलग सहा मिनिटं ठेवलाय. त्यातला अर्धा वेळ कोणी बोलत नाही, वहीची पानं उलटतात. असा प्रसंग जाहिरातीत बसवून दाखवा म्हणावं.

पैसे यूपीआयने गेले असतील तर बँकेला कळवा आणि त्याच दिवशी १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते. मी तक्रार केली तेव्हा महिने उलटले होते. पोलिसांनी अर्ज घेतला, 'हा दिवाणी मामला' असा शेरा मारला. हार्ड डिस्क अजून तिकडेच आहे.