बेसवाल्या माणसानं जुना रॉक ऐकावा का? दिवाळीपासून आजपर्यंतचा अनुभव

मी बेसवाला माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. आमच्या सांगलीकडं मिरवणुकीत डॉल्बी लागली की पोरं नाचायला पुढं पळतात आणि मी बरोबर बेसच्या खोक्यांसमोर जागा धरून उभा राहतो, असला प्रकार. दिवाळीत ऑफिसातल्या एका सिनिअरनं "तुला बेस आवडतो ना, मग हे ऐक" म्हणून ६०-७० च्या दशकातले चार-पाच रॉक अल्बम पाठवले, आणि आता पावसाळा तोंडावर आला तरी ते फोनमधून हललेले नाहीत, उलट त्यात भर पडत गेलीय. या गाण्यांवर गिटारवाल्यांनी ढिगानं लिहिलंय, त्यामुळं हा रिव्ह्यू फक्त बेससाठी.

पहिलंच स्पष्ट सांगतो, पोटात ढवळून काढणारा बेस पाहिजे असेल तर इकडं येऊ नका, पैसे वसूल होणार नाहीत. चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर येतो, आपल्या डीजेच्या ट्रॅकमधला सिंथचा बेस त्याच्याही खाली जातो. त्यात भर म्हणजे ही गाणी एलपीसाठी बनलेली. एलपीवर बेस म्हणजे खाचेची रुंद नागमोडी वळणं, बेस वाढवला की खाच जास्त जागा खाते आणि फारच वाढवला तर सुई उडते. म्हणून रेकॉर्ड कापतानाच खालचा भाग दाबायचा आणि घरच्या प्लेअरनं तो परत उचलायचा अशी पद्धत होती. लंडनच्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीतली माणसं या सुई उडण्याच्या भीतीनं बीटल्सच्या बेसवर हात राखून असायची, आणि बीटल्सना तर अमेरिकन रेकॉर्डवर ऐकू येतो तसला बेस पाहिजे होता. शेवटी १९६६ मध्ये 'पेपरबॅक रायटर'च्या वेळी जेफ एमरिक या त्यांच्या पोरसवदा इंजिनिअरनं मोठा लाउडस्पीकर उलटा जोडून त्याचाच माइक केला आणि बेसच्या अँपसमोर, म्हणजे ॲम्प्लिफायरसमोर, ठेवला. ते गाणं आणि त्याच रेकॉर्डच्या मागच्या बाजूचं 'रेन' ऐकलं की हा जुगाड का केला ते कळतं. 'रेन'मध्ये तर पॉल मकार्टनी निम्मा वेळ बेस गिटारच्या मानेवर बारीक सुरांच्या टोकाला जाऊन वाजवतोय.

आता ऐकायचं कशावर. माझे जुने ब्लूटूथ हेडफोन बेस बूस्टवाले होते, ते या कामाला निरुपयोगी आहेत. बूस्ट लावला की बेस, बेस ड्रम आणि गिटारचा खालचा भाग असा सगळा एकच लगदा होतो, कोण काय वाजवतंय पत्ता लागत नाही. मी दोन हजारांच्या आतले वायरवाले इअरफोन घेतले, इक्वलायझर पूर्ण फ्लॅट केला, ॲपमधली आवाज सारखा करणारी सेटिंग बंद केली. पहिले आठ-दहा दिवस सगळं पांचट वाटतं, मिरची कमी पडलेल्या रश्श्यासारखं, पण तेवढं काढा. नंतर कानाला बेस वेगळा धरायची सवय लागते आणि एकदा ती लागली की मग गाण्यात गायक काय म्हणतोय याच्याकडं लक्षच राहत नाही, माझी बायको म्हणते गाणं कसलं आहे विचारलं तर हा बेसचा भागच गुणगुणतो.

आता माणसांकडं येतो, कारण इथं बेस म्हणजे नुसता आवाज नाही, प्रत्येकाचा हात ओळखू येतो.

माझा सगळ्यात जास्त वेळ ज्याच्यावर गेला तो 'द हू' या बँडचा बेसवाला जॉन एंटविसल. बाकीचे तिघं स्टेजवर उड्या मारतायत, गिटार फोडतायत आणि हा गडी खांबासारखा उभा, फक्त बोटं हलतायत. लहानपणी फ्रेंच हॉर्न शिकलेला माणूस. १९६५ च्या 'माय जनरेशन'मध्ये मधे गिटारच्या सोलोची जागा येते तिथं हा बेसचा सोलो टाकतो, आणि रॉकमध्ये एवढ्या लवकर असं कुणी केलेलं सापडणं अवघड आहे. त्याची गंमत अशी की त्याला तारेचा खणखणीत आवाज पाहिजे होता, तो डॅनइलेक्ट्रो नावाच्या स्वस्त बेसच्या बारीक तारांतून यायचा, पण तार तुटली की इंग्लंडमध्ये सुटी मिळायची नाही, म्हणून हा पठ्ठ्या तारेसाठी दुसरा अख्खा बेसच विकत घ्यायचा. शेवटी रेकॉर्ड झालेला सोलो फेंडर जॅझ बेसवरचा आहे. पुढं १९६६ मध्ये रोटोसाउंड या तारा बनवणाऱ्या कंपनीवाल्यांबरोबर बसून त्यानं गोल वेटोळ्याच्या तारा त्याच्या पसंतीप्रमाणं करून घेतल्या, आणि नंतर रॉकमध्ये जो पियानोच्या खालच्या पट्टीसारखा झणझणीत बेस ऐकू येतो त्यातला बराच या तारांमुळं.

त्याचं 'लाइव्ह ॲट लीड्स' घ्या, फेब्रुवारी १९७० मध्ये लीड्स युनिव्हर्सिटीत रेकॉर्ड केलेलं. मूळ एलपीवर सहाच गाणी होती, आता मोठी आवृत्ती मिळते. बँडमध्ये गिटार एकच, त्यामुळं पीट टाउनसेंड सोलो वाजवायला लागला की मागं दुसरी गिटार नाही, ती सगळी पोकळी एकटा बेस भरतो. हेडफोनमध्ये ऐकताना एका बाजूला बेस आणि दुसऱ्या बाजूला गिटार असं सरळ वेगळं ऐकू येतं, बेसच्या अभ्यासासाठी याच्याइतकी सोयीची रेकॉर्ड मला दुसरी मिळालेली नाही. फक्त एक, कीथ मूनचे ड्रम इतके अंगावर येतात की सलग दोनदा ऐकवत नाही.

लेड झेपलिनचा जॉन पॉल जोन्स याच्या अगदी उलटा. हा आधी लंडनमध्ये स्टुडिओत रोजंदारीवर वाजवणारा आणि दुसऱ्यांची अरेंजमेंट करून देणारा माणूस, त्यामुळं कुठं गप्प बसायचं ते याला पक्कं ठाऊक. १९६९ च्या दुसऱ्या अल्बममधलं 'रॅम्बल ऑन' लावा. सुरुवातीला अकूस्टिक गिटार आणि कशावर तरी बोटांनी टकटक, बास. मग बेस येतो तो खालून येतच नाही, वरच्या सुरांत हळूच घसरत येतो आणि स्वतःची वेगळीच चाल म्हणायला लागतो, गायकाच्या चालीशी तिचा संबंध नाही पण भांडणही नाही. मग ध्रुवपद येतं, इलेक्ट्रिक गिटार फुटते, आणि नेमक्या त्या वेळी हा चाल सोडून देऊन ड्रमबरोबर जमिनीवर उतरतो. मी ते गाणं नुसतं त्या दोन जागांच्या मधल्या उडीसाठी परत परत लावलंय. 'द लेमन साँग' मात्र सोलोसारखंच, तिथला बेस बराचसा आयत्या वेळी सुचलेला आहे आणि तसा तो जाणवतोही. २०१४ नंतरचे त्यांचा गिटारवाला जिमी पेजनं केलेले रिमास्टर (जुन्या टेपवरून परत सुधारून काढलेल्या आवृत्त्या) चांगले आहेत, तेच घ्या, यूट्यूबवरचे 'बेस बूस्टेड' व्हर्जन बघायलाही जाऊ नका.

पिंक फ्लॉइडबद्दल अपेक्षा फार होती. रॉजर वॉटर्स बोटांच्या कसबाचा बेसवाला नाहीच, पण 'मनी'चा तुकडा त्याचा आहे आणि तो १९७३ पासून आजतागायत जगातल्या बेसच्या दुकानांत पोरं वाजवतायत. नाण्यांचा आणि गल्ल्याचा खुळखुळाट, मग बेस. मोजून बघितलं तर सात मात्रा. आपण रूपक ऐकलेली माणसं, सातला घाबरायचं कारण नाही, पण रूपकमधली तीन-दोन-दोन ही विभागणी इथं बसत नाही, चार-तीन अशी धरली की बसते. सॅक्सोफोन याच सातात वाजतो आणि गिटारचा सोलो आला की गाडी सरळ चारवर येते, तो बदल बेसवर लक्ष ठेवलं तरच स्वच्छ कळतो. त्याआधीच्या १९७१ च्या 'मेडल'मधलं 'वन ऑफ दीज डेज' तर दोन-दोन बेस एकोमधून सोडलेले, डॉल्बीवाल्या लोकांना या सगळ्या यादीत पहिलं तेच आवडेल, गॅरंटी.

ब्लॅक सॅबथ. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतली पोरं. गिटारवाला टोनी आयोमी, त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यात गेलेली आणि तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हाच हात. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त काही गाण्यांना त्यांनी तारा तीन सेमीटोन, म्हणजे तीन अर्धे सूर, खाली उतरवल्या, त्यानं बोटांवरचा ताणही कमी झाला आणि आवाजही चिखलासारखा जड झाला. त्यांचा बेसवाला गीझर बटलर आधी गिटार वाजवायचा आणि बेसवर आला तो क्रीम या बँडच्या बेसवाल्या जॅक ब्रूसवर फिदा होऊन. पहिल्या अल्बममधलं 'एन.आय.बी.' सुरूच होतं ते एकट्या बेसनं, वाह-वाह पेडल (पायानं दाबून आवाज 'वॉव-वॉव' करणारं) लावून. रात्री दिवे घालवून ऐकायचं असं लोक सांगतात, मी पुणे-सांगली एसटीत ऐकतो, तिथंही चालतं.

येस या बँडचा ख्रिस स्क्वायर ऐकताना मला थोडा वेळ लागला, रिकनबॅकर बेस, पिक लावून वाजवलेला, आवाज करवतीसारखा. 'राउंडअबाउट'मध्ये अकूस्टिक गिटारच्या नाजूक सुरुवातीनंतर तो जसा आत घुसतो ते भारी आहे, पण बँडची गाणी लांबत जातात आणि शब्दांना बुडखा ना शेंडा. रश या बँडचं सांगायचं तर 'वायवायझेड' हे विनाशब्दांचं आहे म्हणून मी ते ऐकतो, टोरांटो विमानतळाच्या कोडचा मोर्स ठोका घेऊन केलेलं, गेडी लीचा बेस कमाल आहे, त्याचा गाण्याचा आवाज मात्र माझ्याच्यानं होत नाही. ऑलमन ब्रदर्सचं 'व्हिपिंग पोस्ट' बेरी ओकलीच्या बेसनं सुरू होतं, अकरा मात्रांचं, १९७१ चं फिल्मोर ईस्टचं लाइव्हच ऐका.

क्वीनच्या बाबतीत सगळे फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला हे सांगतात, आमच्याकडं तर महाबळेश्वरला जाताना कुणीतरी हमखास सांगतंच. पण 'अनदर वन बाइट्स द डस्ट' लिहिलंय बेसवाल्या जॉन डीकननं. चौघांत सगळ्यात गप्प, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला, कचऱ्यात मिळालेल्या सर्किटपासून अँप करणारा. १९८० चं गाणं आहे, आणि त्यातला बेस बारशात लावा नाहीतर वरातीत, मान हलणारच.

या सगळ्यांच्या मागं एक माणूस आहे जो रॉकवाला नव्हेच, डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन. उजव्या हाताचं एकच बोट, तारा कधी बदलायच्या नाहीत, आणि कित्येक वर्षं रेकॉर्डवर नावसुद्धा नाही. मकार्टनी त्याला मानायचा. बीटल्सचं 'समथिंग' ऐका आणि मग मोटाउनचं कुठलंही ६६-६७ चं गाणं लावा, नातं कळतं. तसंच लॉस एंजेलिसची कॅरल के, बीच बॉईजच्या 'पेट साउंड्स'मागचा बराच बेस तिचा, तिचंही नाव तेव्हा कव्हरवर नसायचं. या दोघांबद्दल वाचल्यावर मी पंचमची गाणी परत काढली, कारण तिथं बेसवर टोनी वाझ होते आणि आपण इतकी वर्षं ती गाणी ऐकून त्यांचं नाव घेतलेलं नसतं. बेस वेगळा ऐकायची सवय लागल्यावर ती गाणी निराळीच लागतात, हा मला या प्रकारातून झालेला सगळ्यात मोठा फायदा.

तक्रारी पण आहेत. बीटल्सच्या मधल्या काळातल्या स्टीरिओ मिक्समध्ये वाद्यं एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात, इअरफोनवर डोकं दुखतं. तिथं मोनो (दोन्ही कानांत सारखाच आवाज) शोधा, किंवा 'रिव्हॉल्वर'चं २०२२ चं नवं मिक्स घ्या, त्यात एकत्र रेकॉर्ड झालेली वाद्यं कॉम्प्युटरनं सुटी करून परत नीट मांडलीयत. डोअर्स या बँडमध्ये बेसवाला माणूसच नाही, लाइव्हला रे मॅन्झारेक डाव्या हातानं की-बोर्डवर बेस वाजवायचा, म्हणून तिथं बेस शोधणाऱ्यांनी 'एल.ए. वुमन' घ्यावा, त्यात एल्विसबरोबर वाजवणारा जेरी शेफ आहे. ॲपवर एकाच अल्बमच्या पाच-पाच आवृत्त्या असतात आणि कुठली कशी हे कुठंच लिहिलेलं नसतं. काही रिमास्टर नुसते आवाज वाढवून दाबलेले, बेस आहे पण त्यातला चढउतार गेलेला. आणि ७० च्या दशकातले दहा-दहा मिनिटांचे ड्रम सोलो, त्यांच्यासाठी फॉरवर्डचं बटण आहे.

सुरुवात कुठून करायची विचाराल तर माझं मत, 'वन ऑफ दीज डेज', मग 'रॅम्बल ऑन', मग 'एन.आय.बी.', आणि लीड्सचं लाइव्ह कान तयार झाल्यावर. येस आणि रश सगळ्यात शेवटी, नाहीतर पळून जाल. माझं क्रीमचं लाइव्ह आणि ग्रेटफुल डेड या बँडचा बेसवाला फिल लेश अजून बाकी आहे, डेडच्या तर नुसत्या लाइव्ह रेकॉर्डिंगच इतक्या आहेत की कुठून हात घालायचा तेच कळत नाही, ते गणपती झाल्यावर बघू.