पासवर्ड बदलणारे साधन आणि एआय एजंट: सलग पुस्तिका की रचनाबद्ध वर्णन?

प्रवेशाच्या धामधुमीत विद्यार्थ्यांचे विसरलेले पासवर्ड बदलून देण्याचे काम लातूरमधील एखाद्या महाविद्यालयाने एआय एजंटवर, म्हणजे संगणकावरील साधने स्वतः चालवून काम करणाऱ्या एआय प्रणालीवर, सोपवायचे ठरवले, तर त्या साधनाची माहिती एजंटला कोणत्या रूपात द्यायची, हे आधी ठरवावे लागते.

माणसांसाठी साध्या वाक्यांत लिहिलेली सलग पुस्तिका संगणक विभागात बहुधा तयारच असते आणि एखादी गोष्ट का करू नये, हे तिच्यात नीट समजावता येते. मात्र ‘नवा पासवर्ड दोनदा टाका’ एवढे वाक्य लिपिकाला पुरते. लिनक्स या संगणक प्रणालीवरील पासवर्ड बदलण्याची passwd ही आज्ञा चालवणारा एजंट नवा पासवर्ड विचारणाऱ्या त्या प्रश्नापाशीच अडकून पडतो किंवा पासवर्ड थेट आज्ञेच्या ओळीत लिहून मोकळा होतो, आणि मग तो पासवर्ड त्याच सर्व्हरवरील इतरांना चालू प्रक्रियांच्या यादीत दिसू शकतो.

जेसन स्कीमासारख्या, म्हणजे माहितीचा साचा यंत्राला वाचता येईल असा मांडणाऱ्या, रचनाबद्ध वर्णनात कोणती माहिती अनिवार्य, कोणती ऐच्छिक, हे स्पष्ट असते. खरी कसोटी लागते ती त्रुटींच्या वेळी. लिनक्सच्या त्या आज्ञेने ५ हा संकेत परत दिला तर पासवर्डची फाईल व्यस्त आहे, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. १ आला तर परवानगीच नाही, तिथे कितीही डोके आपटले तरी उपयोग नाही. रचनाबद्ध वर्णनात हे अर्थ एजंटसमोर थेट मांडता येतात; पुस्तिकेत मात्र संकेतांचा हा तक्ता शेवटी कुठेतरी दडलेला असतो.

माझा कौल रचनाबद्ध वर्णनाला आहे. पुस्तिकेतील दोन-तीन इशारे त्यातच घालावेत. विद्यार्थ्याची ओळख पटवण्याची अट मात्र कोणत्याही दस्तऐवजाच्या भरवशावर न सोडता साधनाच्या कोडमध्येच बसवावी, आणि नवा पासवर्ड एजंटला परत दाखवू नये, कारण तो संभाषणाच्या नोंदींत साठून राहू शकतो.