रॉयल वूस्टरची 1912 सालची फळांची प्लेट: खरेदी आणि परीक्षण

इंग्लंडमधील वास्तव्यात मी रॉयल वूस्टर कारखान्यात तयार झालेली, हाताने रंगवलेली एक प्लेट 260 पौंडांना विकत घेतली. जुन्या वस्तूंच्या ज्या दुकानातून ती घेतली, तेथील व्यवहाराबद्दल माझी एक तक्रार आहे आणि ती पुढे येईलच. परंतु वस्तूविषयी आधी लिहिणे न्याय्य ठरेल, कारण इतके मनापासून केलेले काम मी चिनी मातीच्या भांड्यांवर क्वचितच पाहिले आहे.

प्लेट साधारण 22 सेंटिमीटर व्यासाची आहे. मध्यभागी दोन सफरचंदे आणि काळ्या द्राक्षांचा एक घोस असून मागे शेवाळलेल्या बांधाची धूसर हिरवी-तपकिरी छटा आहे. दुरून चित्र शांत दिसते. भिंग धरल्यावर मात्र त्यातली मेहनत कळते. सफरचंदाची साल पिवळ्याकडून लालाकडे जाते तिथे रंग एकसारखा पसरलेला नसून, केसाइतक्या बारीक कुंचल्याचे शेकडो फटकारे फळाच्या गोलाईला धरून वळत गेले आहेत. प्रत्येक द्राक्षावरचा पांढुरका थर निरनिराळा आहे, आणि एका द्राक्षावर तो बोट लागून पुसला गेल्यासारखा दाखवला आहे. तेवढ्या एका जागेसाठीही ही प्लेट मी घेतली असती.

हे काम किती कठीण असते, हे ठाऊक असल्याशिवाय किमतीचा अर्थ लागत नाही. धातूंच्या ऑक्साइडांपासून केलेले रंग तेलात आणि टर्पेंटाइनमध्ये कालवून झिलईवर लावतात, आणि भाजण्यापूर्वी ते रंग नंतर दिसणाऱ्या रंगांपेक्षा बरेच वेगळे असतात. म्हणजे चित्रकाराला समोर दिसणाऱ्या नव्हे, तर भट्टीतून बाहेर येणाऱ्या रंगाचा अंदाज धरून रंगवावे लागते. एक थर लावायचा, भाजायचे, त्यावर पुढचा थर चढवायचा, पुन्हा भाजायचे. यातील कोणत्याही फेरीत प्लेट तडकली, तर आधीची सगळी मेहनत वाया. सोनेही भट्टीतून निस्तेज बाहेर येते आणि अकीक दगडाने घासल्यावरच झळाळते. फळांच्या चित्रांसाठी याच कारखान्यातील चित्रकार रिचर्ड सीब्राइट यांचे नाव संग्राहक आदराने घेतात, आणि त्यांची स्वाक्षरी असलेल्या प्लेट माझ्या ऐपतीपलीकडच्या आहेत. माझ्या प्लेटवर स्वाक्षरी नाही. त्यामुळे ती कोणी रंगवली हे मला कधीच कळणार नाही, याची खंत वाटते.

नव्याने संग्रह सुरू करणाऱ्यांनी ‘हाताने रंगवलेली’ या शब्दांवर विसंबू नये. चिनी मातीवर छापील चित्र उतरवण्याचे तंत्र याच वूस्टरमध्ये 1750 च्या दशकात रुजले, आणि पुढे अनेक इंग्लिश कारखान्यांनी छापलेल्या रेषांच्या आत हाताने रंग भरून प्लेट विकल्या. त्या प्रकाराला हाताने रंगवलेले म्हणणे अगदी खोटे नसले, तरी मोल निराळे आहे. भिंगाखाली बाह्यरेषा सर्वत्र सारख्याच जाडीची दिसली किंवा रंगाच्या जागी ठिपक्यांची जाळी दिसली, तर तो छापा समजावा. एकाच संचातल्या दोन प्लेट शेजारी ठेवल्या, तर निवाडा लगेच होतो: हाताने काढलेले पान दुसऱ्यांदा तंतोतंत तसेच उतरत नाही.

काळ ठरवण्याच्या बाबतीत वूस्टर संग्राहकाला मोठी मदत करते. मागच्या शिक्क्यात मुकुटाखाली एक वर्तुळ असते, त्यात इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर चार वेळा गुंफलेले असते, आणि मध्ये असलेला 51 हा आकडा 1751 या स्थापनेच्या वर्षाची खूण आहे. 1891 मध्ये वर्तुळाभोवती कारखान्याचे नाव आणि ‘इंग्लंड’ हा शब्द आला. 1892 पासून दरवर्षी एक ठिपका वाढवत नेला. माझ्या प्लेटवर 21 ठिपके आहेत, म्हणून वर्ष 1912.

आता तक्रार. दुकानात मी प्लेट बोटांच्या टोकांवर धरून टिचकी मारली, तेव्हा खणखणीत नादाऐवजी आवाज किंचित बद्द आला. पण चित्राच्या मोहात मी तिकडे दुर्लक्ष केले. घरी अतिनील प्रकाशाच्या बॅटरीखाली काठाचा बोटभर भाग वेगळाच उजळला. तेथे टवका उडाला होता, तो कृत्रिम लुकणाने भरून वर सोनेरी रंग दिला होता. पावतीवर ‘निर्दोष’ असा शब्द होता. पुराव्याची छायाचित्रे पाठवल्यावर दुकानदाराने 60 पौंड परत केले, पण दुरुस्ती आधी सांगितली असती तर मला अधिक आदर वाटला असता, आणि 200 पौंडांना मी ती आनंदाने घेतलीही असती. दुरुस्त केलेली वस्तू वाईट नसते. न सांगता विकणे वाईट असते.

खरेदीपूर्वी शक्य असल्यास वूस्टर शहरात कॅथीड्रलजवळच्या सेव्हर्न स्ट्रीटवरील कारखान्याचे संग्रहालय जरूर पाहावे. मी ते नंतर पाहिले, हा क्रम चुकला. निर्दोष नमुने तासभर न्याहाळले की डोळा तयार होतो.

आपल्याकडच्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. माझ्या प्लेटसारख्या भांड्यांच्या मातीला ‘बोन चायना’ म्हणतात, आणि ते नुसते नाव नाही. त्यात जवळपास निम्मा भाग जनावरांच्या हाडांच्या राखेचा असतो. ज्यांच्या घरी हे चालत नाही, त्यांनी आधीच विचार करावा. मुंबईच्या चोर बाजारातही जुनी विलायती भांडी मिळतात, आणि तिथेही भिंग, टिचकी आणि मागचा शिक्का हाच क्रम ठेवावा.

प्लेट कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुवावी. यंत्रात धुतल्यास सोने झिजते. भिंतीवर लावण्याच्या तारेच्या कड्या काठात रुततात, म्हणून मी ती लाकडी स्टँडवर, काचेच्या कपाटात ठेवली आहे. दुरुस्त केलेला काठ खालच्या बाजूला आहे. सकाळी पूर्वेकडून ऊन आत येते, तेव्हा बोटाने पुसल्यासारखे ते एक द्राक्ष सगळ्यांत आधी नजरेत भरते.