खादीचा तिरंगा : महाग आहे, तरी शाळेनं हाच घ्यावा

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनासाठी, म्हणजे १७ सप्टेंबरला, आमच्या शाळेनं नांदेडच्या एका खादी भांडारातून तीन बाय दोन फुटी तिरंगा घेतला. कापड हाताला भरीव लागतं, विणीत मधेच सुताची बारीक गाठ जाणवते. अशोकचक्र दोन्ही बाजूंनी स्वच्छ, चोवीसच्या चोवीस आरे मोजून घ्या. दोरीची पट्टी जाड, लाकडी गुल्ली पक्की. बाजारातून आणलेला आधीचा पॉलिस्टरचा झेंडा एका पावसाळ्यात कडेनं उसवला होता. याची शिवण जशीच्या तशी आहे.

किंमत हजाराच्या घरात. २०२२ च्या घरोघरी तिरंगा मोहिमेत पोस्टात २५ रुपयांना झेंडा मिळत होता, त्यामुळं शाळा समितीत बराच खल झाला. मी खादीसाठी हट्ट धरला.

कारण खादीच्या झेंड्याचा हा धंदा सरकारच्या नियमावरच उभा राहिला. ध्वजसंहितेनुसार झेंड्याला हातानं कातलेलं, हातानं विणलेलंच कापड लागायचं, म्हणून उदगीरच्या मागांना आणि नांदेडच्या शिलाईला काम होतं. ३० डिसेंबर २०२१ ला संहिता बदलली, पॉलिस्टर आणि यंत्रावरचं कापडही चालू झालं. गरिबाच्या घरावर झेंडा लागला, हे मला मनापासून आवडलं. पण सूत कातणाऱ्या बाईचं गिऱ्हाईक त्याच दिवशी कमी झालं, त्याची सोय कुणी केली?

आमच्या नांदेडनं हे आधीही पाहिलंय. निजामाच्या राज्यात उस्मानशाही मिल निघाली, १९७४ च्या कायद्यानं ती सरकारजमा झाली, पुढं बंद पडली. कापूस तेव्हाही इथंच पिकत होता, आजही पिकतो. त्याचं कापड कुठं व्हायचं, हे प्रत्येक वेळी राज्यकर्त्यांच्या विचारानं ठरवलं. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे : घरांसाठी स्वस्त झेंडा खुशाल असू द्या, पण शाळा, ग्रामपंचायती, तहसील यांनी खादीचाच घ्यावा, आणि त्यासाठी वेगळा निधी द्यावा.

भांडाराबद्दल एक तक्रार. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेलो तर हवा तो आकार संपलेला, आणि पुन्हा कधी येईल ते कुणी सांगेना. तुम्ही जुलैतच नाव नोंदवा, शाळेच्या नावानं पक्की पावती मागा. झेंड्याला पाचपैकी पाच, भांडाराला तीन.